एका पातेल्यातला चहा

"जिलबी नाही म्हणजे नाही," डॉक्टर मोकाशी बाई म्हणाल्या, आणि आमच्या ह्यांनी हातातला झारा कढईवर आडवा ठेवला. झारा असा आडवा पडला की समजायचं, आचारी संपावर गेला.

"मग वाढायचं काय म्हणता, बाई?"

"ज्वारीची भाकरी, मेथी, मटकीची उसळ, कोशिंबीर, ताक. दोन्ही दिवस. तळण नाही, डालडा नाही, गोड नाही. परिषद कशाची आहे, ठाऊक आहे ना? रोग झाल्यावर धावण्यापेक्षा तो होऊच नये म्हणून काय करायचं, वस्त्या निरोगी कशा करायच्या, याची. कुठून कुठून डॉक्टर यायचेत. त्यांनी वर साखरेविरुद्ध भाषणं करायची आणि खाली येऊन जिलब्या खायच्या?"

"अगदी बरोबर," हे म्हणाले. "भाषण वर, जिलबी खाली. दोघांची गाठ पडायचं कारणच नाही. बाई, या कार्यालयातनं आजवर कुणी तोंड गोड केल्याशिवाय गेलं नाही. मुलगी नापसंत करून गेलेलेसुद्धा बुंदी खाऊन गेलेत."

मी शेजारी बसून कोथिंबीर निवडत होते. म्हणजे हात कोथिंबिरीत होते, डोळे बाईंवर. सुती साडी, मनगटाच्या आतल्या बाजूला घड्याळ, आणि दिलेला चहा अर्धा कपातच ठेवलेला. अर्धा चहा ठेवणाऱ्या माणसाशी घासाघीस करायची नसते, हे मला एवढ्या वर्षांत कळलेलं. स्वयंपाक ह्यांचा आणि माणसं जोखायचं काम माझं, अशी आमच्या घरची वाटणी. कोण आगाऊ देईल, कोण शेवटच्या दिवशी तोंड लपवील, कोणाची विहीण रुसणार आहे, हे मी सुपारी फुटायच्या आत सांगायची. सहसा चुकत नसे.

ही गोष्ट बार्शीची, बऱ्याच वर्षांमागची. नगरपालिकेच्या सभागृहाचं छत काढलेलं होतं, म्हणून ती आरोग्य परिषद आमच्या मंगल कार्यालयात आली. हे तिथले कायमचे आचारी. नाव नरहरी, पण अख्खा तालुका नाना म्हणायचा. आणि नानांची ख्याती जिलबीपेक्षा आग्रहासाठी जास्त. पंगतीत हे परात घेऊन निघाले की पोट भरलेली माणसं ताटावर आडवी पडत. तरी बोटांच्या फटीतनं जिलबी ताटात पडायचीच. "माझ्यासाठी एक. बरं, हिच्यासाठी एक. ही तर काही मागितलेलीच नाही, आपली आपण आलीय!" ह्यांना नाही म्हणून सुटलेला माणूस मी पाहिलेला नाही.

शेवटी तडजोड झाली. शेवटच्या दिवशी, समारोपाच्या पंगतीला, माणशी एक जिलबी. तीही लहान.

"आणि आग्रह नाही," बाई म्हणाल्या.

"आग्रहाशिवाय वाढायला मी काय खानावळ चालवतो?"

"मग मेथीचा करा."

हे बाईंकडे बघतच राहिले. मग झारा उचलला. "करतो की. मेथीचा करतो."

बाई गेल्या. मी उठून तांब्या तोंडाला लावला आणि संपवला. भट्टीपाशी जन्म गेलेल्या बाईला तहान लागायचीच.

"पुन्हा पाणी?" हे म्हणाले.

"का, पाण्याचाही हिशेब द्यायचा?"

त्यांनी वळून चहा टाकला. बिनसाखरेचा.

त्या चहापाशीच माझी खरी काळजी होती.

दिवाळीनंतर ह्यांनी अचानक चहातली साखर सोडली. ज्या माणसानं आयुष्यभर पाकात हात बुडवले, तो. घरात गोड करू नको म्हणाले. संध्याकाळी भगवंताच्या देवळापर्यंत पायी जायचा नेम धरला, आणि "एकट्याला कंटाळा येतो" म्हणून मलाही ओढत न्यायला लागले. पाकाची तार बघताना पूर्वी बोट जिभेला लावत, तेही बंद. त्यातच संक्रांतीच्या सुमाराला तेल उडून नडगी भाजली, आणि ती जखम काही केल्या वाळेना. मी एकेक गोष्ट मनात मांडत गेले, आणि बेरीज एकच येत होती. माझे सासरे, अण्णा, त्यांना साखरेचाच रोग होता. तेही आचारी. त्यांचा पाय सोलापूरला गुडघ्याखाली काढला. त्यानंतर ते पाटावर बसून जिलबी पाडायचे. मग तेही सुटलं, आणि खाटेवर पडून विचारायचे, "आज कुणाचं लग्न?"

तो रोग आता मुलात उतरला होता, आणि मुलगा तो माझ्यापासून लपवत होता. नडगीवरचं फडकं मी रोज बदलायची, आणि रोज मला अण्णांचा पाय दिसायचा.

एकदा सरकारी दवाखान्यात तपासणीचं शिबिर होतं. हे स्वतःच म्हणाले, "चल, जाऊन येऊ. तूही बोट टोचून घे."

"मला काय धाड भरलीय?" मी म्हणाले. "माझ्या माहेरी कुणाला नाही असलं काही. तुम्ही जा."

"एकटा नाही जाणार."

"लहान आहात का?"

नाहीच गेले. मी मनात नोंदलं: माणूस घाबरलाय. बायकोच्या आड लपून घाबरलाय.

आणि चहाचं म्हणाल तर, हे बिनसाखरेचा चहा दोघांचा एकाच पातेल्यात करायचे. मी माझा कप घेऊन आत जायची आणि रव्याच्या डब्यामागे ठेवलेल्या बरणीतली साखर घालून ढवळायची. पथ्य त्यांचं. मी का जीभ मारू?

परिषद सुरू झाली. लग्नातल्या आहेराच्या टेबलावर, जिथे एरवी कुणीतरी चष्मेवाला पाकिटं घेत बसतो, तिथे एक गोरीपान नर्स बसली होती. ज्याला हवं त्याची साखर आणि रक्तदाब फुकट तपासायचा. वधूपक्षाच्या खोलीत पुस्तकं आणि तक्ते, वरपक्षाच्या खोलीत पाहुणे. स्टेजवर जिथे नवरानवरीच्या खुर्च्या असतात, तिथे पुढारी आणि डॉक्टर. हार-तुरे मात्र तेच.

मी मागच्या दारात उभी राहून ऐकायची. बोलणं खोटं नव्हतं काही. स्वच्छ पाणी, बायकांच्या अंगातलं कमी रक्त, तंबाखू, चालणं, वेळेवर तपासणी. पण माणसं मोठी मजेची. साखरेला पांढरं विष म्हणणारे एक टक्कल पडलेले डॉक्टर भाषण संपवून मागच्या दारानं थेट भटारखान्यात आले. "काकू, जरा गोडसर चहा मिळेल? वरचा घशाखाली उतरत नाही."

"विष किती चमचे घालू?" मी विचारलं.

ते इतके हसले की चहा सांडला. दोन चमचे घालून प्यायले आणि कुणाला सांगू नका म्हणाले. अजून सांगितलेलं नाही, नाव तर आताही सांगत नाही.

ह्यांनी इकडे मेथीचा आग्रह असा काही केला, की गावोगावच्या आशाताई तोंडात पदर घालून हसत होत्या. "ही मेथी बघा ताई, सकाळपासनं तुमचीच वाट बघतीय. एवढीशी. नाही म्हटलात तर तिला काय वाटेल?" एक सरपंच तीनदा मेथी घेऊन बसला.

त्या दुपारी मी मोकाशी बाईंना आहेराच्या टेबलापाशी गाठलं. चौघडा वाजवायच्या कोनाड्याखाली ओढत नेलं म्हटलं तरी चालेल.

"बाई, एक काम होतं. आमच्या ह्यांची साखर तपासा. आहे त्यांना. लक्षणं सगळी आहेत. पायाची जखम भरत नाही. पण ते यायचे नाहीत."

"समजावून सांगू?"

"समजावून घेणारा माणूस नाही तो. त्यांना आग्रह करा."

"म्हणजे?"

"ते जसा करतात तसा. भर पंगतीत. जन्मभर दुसऱ्याला नाही म्हणू दिलं नाही, त्यामुळे आता स्वतःला म्हणता येत नाही. चारचौघांत आग्रह झाला की ते मोडणार."

बाईंनी माझ्याकडे जरा विचित्रच बघितलं. हसू दाबल्यासारखं. मला वाटलं, शिकलेल्या बाईला आमची युक्ती गावंढळ वाटली असेल.

"आणि तुमचं काय?" त्या म्हणाल्या. "तुम्हीही घ्या तपासून."

"माझं राहू द्या. माझा बांधा बघा की. उलट वाळलेच आहे. ब्लाऊज सगळे उसवून आत घेतलेत."

"हं," बाई म्हणाल्या, आणि घड्याळ बघितलं.

दुसऱ्या दिवशी समारोपाची पंगत बसली. पाटावर डॉक्टर लोक, गुडघे कुरकुरणाऱ्यांना खुर्च्या, पलीकडे आशाताईंची लांबच लांब रांग. मी दाराशी पाण्याचा जग घेऊन उभी. छातीत असं धडधडत होतं जणू माझंच लग्न आहे. हे तळणाची तई उतरवून, हात पुसून, स्वतः जिलबीची परात घेऊन निघाले. माणशी एक, ठरल्याप्रमाणे. पण ती एकसुद्धा काय नखऱ्यानं वाढत होते! मोकाशी बाईंपाशी आले. बाईंनी दोन्ही हात ताटावर आडवे धरले.

"एक, बाई. ठरलेली."

"घेते. पण आधी तुम्ही माझं एक घ्यायचं."

"तुमचं? तुमचं काय?"

बाईंनी खूण केली. नर्स डबी घेऊन पंगतीत आली. 

"एकच टोचणी, नाना. इतकुशी. माझ्यासाठी घ्या."

हे मागे सरकले. "बाई, हातात परात आहे. खरकटं आहे. नंतर बघू."

"नंतर नाही. गरम गरम असतानाच घ्यावी."

आशाताईंच्या रांगेत खसखस पिकली. बाई ऐकेनात. "तुम्ही आम्हाला काल मेथी सोडली का? ही टोचणी सकाळपासनं तुमचीच वाट बघतीय. नाही म्हटलात तर तिला काय वाटेल?"

"घ्या, नाना!" सरपंच ओरडला. "मी तीनदा मेथी घेतलीय!"

"तुम्ही घेतल्याशिवाय," बाई म्हणाल्या, "या पंगतीतला एक हात जिलबीला लागणार नाही."

खरंच, सगळ्यांनी हात आवरून घेतले. त्या टक्कलवाल्या डॉक्टरांनीसुद्धा. त्यांची जिलबी उचललेली होती, ती परत ठेवली.

हे उभे. परातीतल्या जिलब्या गार होत होत्या आणि त्याचं दुःख त्यांच्या तोंडावर दिसत होतं. मग त्यांनी मान वळवली आणि सरळ माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, चोरी पकडली. आता घरी गेल्यावर भांडण.

"घेतो," हे म्हणाले. "पण एकटा नाही. जोडीनं."

मला काही कळायच्या आत आशाताई उठल्या. कुणी माझ्या हातातला जग घेतला, कुणी पाट मांडला, आणि मला ओढत आणून ह्यांच्या शेजारी बसवलं. मी म्हणत होते, "अहो, माझं कशाला, मला काय..." पण ऐकतंय कोण! भर पंगतीत, डॉक्टरांच्या देखत, मी कशी नाही म्हणू? मनात म्हटलं, ठीक आहे. ह्यांच्या बोटासाठी माझं एक बोट गेलं तर जाऊ दे.

"नाव घ्या, नाना! नाव घेतल्याशिवाय टोचायचं नाही!"

हे कधी नाव घेत नसत. आमच्या लग्नातही त्यांनी नुसतं खाली बघून घास भरवला होता. पण त्या दिवशी त्यांनी घसा साफ केला, आणि माझं मनगट धरून नर्सपुढे केलं.

"पाकाची बघतो तार, भाजीत बघतो मीठ,
द्वारकेच्या बोटाला सुई लावा नीट!"

कार्यालय दणाणलं. मी लाजले, आणि रागावलेही, कारण बोट आधी माझंच पुढे झालं होतं. मी ते झटकन मागे घेतलं आणि ह्यांचं पुढे ढकललं. "आधी ह्यांचं!"

नर्सनं ह्यांचं बोट टोचलं. यंत्राकडे बघितलं, बाईंना दाखवलं, मान हलवली. मग माझं. यंत्राकडे बघितलं. मग काहीच न बोलता दुसरा बोळा काढला, माझं शेजारचं बोट पुसलं आणि पुन्हा टोचलं.

"मला दोनदा का?" मी म्हणाले. "मी तर मेथी एकदाच घेतली."

लोक हसले. नर्स हसली नाही. बाईंनी यंत्र बघितलं, ओठ दाबले, आणि ह्यांच्याकडे वळून म्हणाल्या, "वाढा, नाना. गार होतंय."

हे परात घेऊन उठले. रांगेत पुढे गेले. पण मी बघत होते. पुढच्या एकाही ताटापाशी त्यांनी आग्रह केला नाही.

बाईंनी मला वधूपक्षाच्या खोलीत नेलं. दार लोटलं आणि मला आरशासमोरच्या खुर्चीवर बसवलं, जिथे नवरीला बसवतात.

"काही दडवू नका," मी म्हणाले. "अण्णांचं मी बघितलंय. पाय वाचेल ना ह्यांचा?"

"नानांचं उत्तम आहे," बाई म्हणाल्या. "वयाच्या मानानं फारच छान. ती जखम भट्टीपुढे तासन् तास उभं राहून चिघळलीय. चार दिवस बसवून ठेवा, भरेल. साखर तुम्हाला आहे, काकू. बरीच आहे."

मी आधी हसले. मग म्हणाले, "यंत्र चुकलं असेल."

"म्हणून तर दोनदा टोचलं."

आरशात एक वाळलेली बाई दिसत होती. ब्लाऊज उसवून आत घेतलेला. तिच्या हातात पाण्याचा पेला होता, तो मी केव्हा भरला मलाच आठवेना.

बाई बोलत होत्या. तहान सारखी लागते का, नजर धूसर होते का, चष्म्याचा नंबर मध्येच बदलला का, रात्री उठावं लागतं का. मी प्रत्येकाला हो म्हणत होते, आणि प्रत्येक 'हो'बरोबर माझं कारणही तयार होतं: भट्टी, धूर, वय. सकाळी उपाशीपोटी पुन्हा तपासू, गोळ्या देते, अजून काही बिघडलेलं दिसत नाही, वेळेवर सापडलं, असं सगळं त्यांनी सांगितलं. मग दाराशी थांबल्या.

"एक सांगू? काल दुपारी तुम्ही आलात त्याच्या आधी, सकाळीच नाना येऊन गेले होते."

"कशाला?"

"म्हणाले, माझ्या बायकोची साखर तपासा. ती यायची नाही. तिला समजावून उपयोग नाही, भर पंगतीत धरा." बाई आता हसू दाबत नव्हत्या. "दोघांनी एकमेकांची चुगली केलीत. मी कुणाला काही बोलले नाही. पण जोडीनं घेतो हे नानांनी आपणहून काढलं हं. ते मला सुचलं नसतं."

चार वाजता मोटारी गेल्या. वाढपी पाट रचत होते. मी भटारखान्यात गेले तेव्हा हे विझलेल्या भट्टीपुढे, पाय पाटावर ठेवून बसले होते. मी आयुष्यात त्यांना बसलेलं बघितलं नव्हतं असं नाही, पण भट्टीपुढे नाही.

"सांगितलं बाईंनी?" त्यांनी विचारलं.

"सांगितलं."

"फार आहे?"

"आहे बरीच. पण वेळेवर सापडलीय म्हणाल्या."

त्यांनी डोळ्यांवरून उपरणं फिरवलं, घाम पुसल्यासारखं. भट्टी तर केव्हाच विझली होती.

"तुम्हाला कधी कळलं?" मी म्हणाले.

"दिवाळीत. तू तांब्यावर तांबे रिचवत होतीस. अण्णा असेच प्यायचे. मग तुझ्या बांगड्या कोपरापर्यंत वर जायला लागल्या."

"मग बोलायला काय झालं होतं?"

"बोललो की. चल म्हणालो दवाखान्यात. तू म्हणालीस, मला काय धाड भरलीय."

"मग पुन्हा म्हणायचं! सगळ्या तालुक्याला आग्रह करता, आणि घरात एकदा नाही म्हटलं की गप्प?"

त्यांनी पायावरचं फडकं सारखं केलं. "बाहेर काय, घेतली जिलबी तर घेतली, नाही तर नाही. तुला म्हणायचं म्हणजे..." मग नुसतेच म्हणाले, "मला अण्णा आठवायचे गं."

मी त्यांच्याशेजारी पाटावर बसले. एक वाढपी बाहेर कसलंसं सिनेमातलं गाणं म्हणत पाट आपटत होता. माझ्या डोक्यात दिवाळीपासूनची सगळी मांडणी उलटी फिरत होती. देवळापर्यंतचं चालणं. घरातलं बंद झालेलं गोड. पाकाला न लागलेली जीभ.

"आणि तुमची साखर चांगली आहे," मी म्हणाले. "मग तुम्ही का सोडलीत? तुम्ही गोडाचा चहा प्यायचा होता की."

"एका पातेल्यात दोन तऱ्हेचा चहा होतो का?"

"वेगळं पातेलं नव्हतं घरात? आचाऱ्याच्या?"

"मग तू विचारलं असतंस, माझा का वेगळा. आणि भांडली असतीस."

हे खरं होतं. मी भांडलेच असते. मग मला रव्याच्या डब्यामागची बरणी आठवली. इतके महिने हे माझ्यासाठी कडूजहर चहा पीत होते, आणि मी पलीकडच्या खोलीत चमचा ढवळत होते. ते मी त्यांना सांगितलं नाही. म्हणजे त्या दिवशी नाही. पुढे सांगितलं, तेव्हा म्हणाले, "माहिती आहे. म्हणून तर वाण्याकडनं साखर आणायचं मी विसरायचो."

हे उठले. लहानसा स्टोव्ह पेटवला, पातेलं ठेवलं. आलं ठेचलं, गवती चहा तोडून टाकला, दूध घातलं. इतक्या निगुतीनं, जणू शंभर माणसांची पंगत बसायची आहे. दोन कपांत गाळला आणि एक माझ्या हातात दिला.

मी पहिल्यांदाच तो होता तसा प्यायले. त्यांच्यासमोर बसून.

"कसा झालाय?"

"काय सांगू," मी म्हणाले. "फिक्का ढण."

"होईल सवय."

"तुम्हाला झाली?"

त्यांनी एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं, आणि कप खाली न ठेवता म्हणाले, "कुठली व्हायला!"